जात्याची झोप

आधीच सांगून टाकते, हा माणूस मला आवडत नाही. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द ऐकायचे असतील तर त्याच्या बायकोकडे जा, आणि तिचेही दोनावर संपतील. मी त्याच्या बसवर कंडक्टर आहे. त्याची बस, हे त्याचं म्हणणं. बस डेपोची आहे, पण काच पुसायचं फडकं तो घरून आणतो, आणि त्या फडक्याला दुसऱ्या कोणी हात लावला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा.

डेपोत सगळे त्याला 'जातं' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. कारण तो दात खातो. सिग्नलला थांबला की खातो, सायकलवाला आडवा आला की खातो, साहेबांनी हाक मारली की खातो. इंजिन बंद असेल तर ती करकर तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू येते. मान इतकी जाड की कॉलरचं वरचं बटण लागत नाही, पोट स्टिअरिंगला टेकलेलं, आणि खिशावर बिल्ला, विनाअपघात सेवेचा. तो बिल्ला रोज अंगठ्याने घासून लखलखीत ठेवतो. धावत येणाऱ्या प्रवाशासाठी हा बाबा जन्मात थांबायचा नाही. "वेळेवर यायला काय धाड भरते?" म्हणतो. ब्रेक मात्र असा दाबतो की उभ्या म्हातारीचा तोल जात नाही. खरं आहे म्हणून सांगितलं, कौतुक समजू नका.

आमचं बोलणं बंद झालं ते भर बाजारात. एका आजीची पिशवी उतरवून द्यायला मी खाली उतरले होते. आत कुणा कार्ट्याने दोनदा बेलची दोरी ओढली आणि हा निघाला. आरशात बघायचं नाही, वळून बघायचं नाही. मी तिकिटाचं मशीन छातीशी धरून बसमागे धावतेय आणि अख्खा बाजार दात काढतोय! पुढच्या स्टॉपवर घामाघूम होऊन गाठलं, तर म्हणतो काय, "डबल बेल झाली, निघालो. गाडी घंटीवर चालते, बाईवर नाही." त्या दिवशी मी कानाला खडा लावला. तेव्हापासून आमच्यात फक्त दोरी. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ, तीन म्हणजे गाडी भरली, थांबू नकोस. पुष्कळांचे संसारसुद्धा एवढ्यावरच चालतात, मग बस का नाही चालणार?

दुपारी शेवटच्या स्टॉपवर आम्हाला जेवणाची सुट्टी असते. तो मागच्या लांब बाकावर आडवा होतो, मी पुढे दाराजवळ डबा उघडते. उतरून झाडाखाली बसले असते, पण झाड नाही. तर हा झोपला की आधी घोरणं सुरू व्हायचं. आता घोरणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत, माझे वडील घोरायचे. हे निराळं होतं. घोरणं चढत चढत जायचं आणि एकदम बंद. छाती वर-खाली व्हायची, पण नाकातोंडातून हवा म्हणून नाही. मी घास हातात धरून बघत बसायचे. मग माझाच जीव घाबरा व्हायचा आणि मी डब्यातला चमचा खांबावर हाणायचे, ठण्! तो गचका देऊन हवा ओढायचा, दात करकरा चावायचा आणि परत घोरायला लागायचा. डोळे उघडून एखादी शिवीही द्यायचा. मी त्याला वाचवत होते असं नाही हं. माझ्या डब्यासमोर मेला तर पंचनाम्याला मलाच बसावं लागलं असतं.

झोपून उठला की माणूस ताजा होतो. हा उठला की आणखी मरगळलेला. डेपोच्या गेटवर गाड्यांची रांग लागली की स्टिअरिंगवरच डुलकी घ्यायचा. गेटवाला काचेवर टकटक करायचा, "राजे, उठा!" आणि सगळे हसायचे. मेकॅनिक हसायचा, टाइमकीपर हसायचा. सगळ्यांनी पाहिलेलं होतं. बोललं कोणी नाही. जो तो म्हणायचा, आपल्याला काय करायचंय?

एकदा चालत्या गाडीत त्याची दाढ मोडली. काही खात नव्हता, नुसते दात खात होता. तुकडा तळहातावर घेऊन त्याने खिडकीबाहेर फेकला आणि फेरी पुरी केली. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेला आणि काही दिवसांनी एक छोटी डबी घेऊन आला. डबीत वरच्या दातांवर बसवायची पारदर्शक पट्टी. चेकरला ऐटीत दाखवत होता, "झोपेत हे घालायचं. आता दात घासणार नाहीत. खलास, आजार संपला." मी मागे चिल्लर मोजत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

त्या दुपारी पट्टी घालून झोपला. करकर खरंच थांबली. पण श्वास! आधी थांबायचा त्याहून जास्त वेळ थांबायला लागला. चमचा एकदा हाणून भागेना. ओठ कसेसेच दिसायला लागले. मी उठून बाकाजवळ गेले आणि त्याच्या बुटावर लाथ मारली. हो, लाथ. तो धडपडत उठून बसला, तोंडातली पट्टी काढली, लाळेची तार लोंबतेय, आणि डोळे लालबुंद.

"तुम्ही दातांच्या डॉक्टरला झोपेचं सांगितलंत का?" मी विचारलं. किती दिवसांनी मी त्याच्याशी बोलत होते, माझं मलाच नवल वाटलं.

"दात दुखत होते, दाताचं सांगितलं."

"श्वास बंद पडतो तुमचा झोपेत. गेटवर झोपता, सिग्नलला झोपता. ते सांगितलंत का?"

त्याने पट्टी डबीत ठेवली, डबीचं झाकण टक्कन लावलं. "ते कागदावर आलं तर मला स्टिअरिंगवर कोण बसवेल? झाकली मूठ बरी असते. बाई, तू तिकिटं काढ."

अस्सा संताप आला म्हणून सांगू! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, आणि हा शहाणा वर बिल्ला घासतोय. बरं, मरायचं तर एकट्याने मरावं. मागे पन्नास माणसं घेऊन कसलं मरतोस?

आणि मग तो कालव्याजवळचा स्टॉप आला.

सकाळची वेळ, गाडी गच्च. मी बेल दिली, तो थांबला. माणसं उतरली, चढली. मी डबल दिली. गाडी हलेना. मला वाटलं, मुद्दाम करतोय, मागच्या भांडणाचा राग काढतोय. परत डबल. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. "ओ ड्रायव्हर, झोपले काय?" कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले. मी माणसांतून वाट काढत पुढे गेले. जाळीतून बघते तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे अर्धे उघडे, पाय ब्रेकवर, आणि मान हळूहळू खाली येतेय. समोर एक म्हातारा काठी टेकत रस्ता ओलांडत होता, बरोब्बर गाडीच्या नाकापुढून. मान छातीला टेकली. पाय सैल पडला असावा, कारण गाडी उताराने पुढे सरकली.

मी जाळीवर तिकिटाचं मशीन आपटलं आणि त्याच्या नावाने जी काही बोंब ठोकली ती कालव्यापलीकडे ऐकू गेली असेल. त्याने दचकून ब्रेक दाबला. उभी माणसं एकमेकांवर पडली. म्हाताऱ्याची काठी बंपरला लागून हातातून निसटली होती. त्याने ती वाकून उचलली, काचेकडे बघितलं आणि म्हणाला, "मला घाई नाही बाबा, तुला आहे का?" असं म्हणून गेला आपल्या वाटेने. लोक परत हसले. जात्याच्या चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. मीही हसले नाही.

फेरी संपली तशी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. चमचा, पट्टी, गेट, कालवा. साहेब म्हणाले, "बाई, विचार करून बोला. माणसाच्या पोटावर पाय येतो." मी म्हटलं, "आज त्या म्हाताऱ्याच्या पोटावर चाक येणार होतं." संध्याकाळी जात्याला गाडीवरून उतरवलं. तपासणी होऊन डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय स्टिअरिंगला हात नाही. तोपर्यंत खिडकीत बसून गाड्यांच्या चाव्या द्यायच्या.

आणि डेपो उलटला तो माझ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं नाव पडलं काडीबाई. मी चहाला गेले की बाकावरची माणसं पसरून बसायची. टाइमकीपर मला बघून मोठ्याने म्हणायचा, "हळू बोला रे, काडी पडेल." जो गेटवाला रोज त्याला उठवायचा, तोच मला म्हणाला, "बिचाऱ्याचा बिल्ला खाल्लास." चाव्यांच्या खिडकीत जातं बसलेलं असायचं. बाकीच्यांना हातात चावी द्यायचा. माझ्या नव्या ड्रायव्हरची चावी मी मागितली की टेबलावर अशी भिरकावायचा की ती खाली पडायची. मी म्हणायचे, "उचलून द्या." तो उचलायचा नाही. मीही नाही. शेवटी माझा नवा ड्रायव्हर वाकायचा, बिचारा.

एका रविवारी त्याची बायको माझ्या दारात. चप्पलही काढली नाही.

"कंडक्टरबाई, तुझं काय घोडं मारलं होतं आम्ही? माणूस घरात तोंडातून शब्द काढत नाही. भिंतीकडे बघून दात खातो. तुझ्या जिभेला हाड नाही का?"

"आत या, मग शिव्या द्या. शेजारी ऐकताहेत."

"ऐकू देत! काय म्हणे, श्वास बंद पडतो. माझ्या नवऱ्याची झोप मला माहीत की तुला?"

"मला," मी म्हटलं.

तिचा हात तोंडावर गेला. शेजारणीच्या दाराची कडी वाजली, म्हणजे तीही कान लावून होती. मला उशिरा उमगलं की मी काय बोलून बसले.

"अहो, बसमध्ये! दुपारच्या सुट्टीत. भर रस्त्यात उभी बस, सगळ्या खिडक्या उघड्या, तो मागे आणि मी पुढे. काय पण बोलायला लावता!" माझे कान तापले होते. "तुम्ही त्याच्या शेजारी झोपता का, एवढं सांगा."

तिने आता कुठे चप्पल काढली. मग आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली. घोरण्याला कंटाळून ती मुलीच्या खोलीत झोपायला लागली त्याला बरीच वर्षं झाली होती. मधलं दार बंद करायची, वर पंखा मोठा करायची. म्हणजे जगात ज्या एका माणसाने त्याची झोप पाहिली होती, ती मी. आणि मला तो डोळ्यासमोर नको!

"आज दुपारी तो झोपला की शेजारी बसा," मी म्हटलं. "पंखा बंद करून. आणि हातात काहीतरी वाजवायला घ्या."

ती चहा न घेता गेली. जाताना म्हणाली, "खोटं निघालं तर परत येईन."

आली परत, पण तोंड तसंच फुगलेलं. तिने ऐकलं होतं. "किती वर्षं मी पंखा मोठा करत होते," म्हणाली. आणि डोळ्याला पदर लावून परत माझ्यावरच उखडली, "तू आधी का नाही आलीस सांगायला?" घ्या! बोललं तर काडीबाई, नाही बोललं तर वैरीण.

पुढचं सगळं मला तिच्याच तोंडून कळत गेलं, दर वेळी नव्या शिव्यांसकट. त्याला अंगभर तारा लावून झोपवलं आणि तपासलं. झोपेत घसा मिटत होता, पुन्हापुन्हा. झोपेच्या डॉक्टरांनी हवेचं मशीन दिलं, नाकावर मास्क आणि नळी. म्हणाले, हे सगळ्यात खात्रीचं. त्याने ते झोपेत ओरबाडून काढलं, परत लावलं, परत काढलं. "नळी लावून झोपायला मी काय पाण्याची टाकी आहे?" म्हणे. बराच काळ झटापट झाली. शेवटी डॉक्टरांनीच त्याला त्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे परत धाडलं.

बाईंनी त्याला फैलावर घेतलं. "मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं, घोरता का, दिवसा झोप येते का? तुम्ही म्हणालात, छे! मी दात वाचवायची पट्टी दिली. तुमचा घसा मिटतो हे कळलं असतं तर ती दिलीच नसती. तशा पट्टीने काही जणांचा श्वास आणखी अडतो." बायको सांगत होती, हा पठ्ठ्या खुर्चीत आ वासून पडलेला, बोलता येत नाही, ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही. मला ते ऐकून जेवण गोड लागलं.

आता दुसरं साधन करायचं ठरलं. वरच्या दातांना एक साचा, खालच्यांना एक, दोन्ही असे जोडलेले की खालचा जबडा थोडा पुढे धरला जातो. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते, घशाची वाट मोकळी राहते, आणि वरखालचे दात एकमेकांवर घासत नाहीत. पण ते सगळं दातांच्या आधाराने उभं राहणार. आणि याने दाढा घासून घासून बुंधे करून ठेवलेले! साच्याने धरायचं कशाला? मग आधी दाढांवर टोप्या बसवा, हिरड्या नीट करा, मग मापं घ्या. ज्या दातांनी सुटका करायची तेच हा वर्षानुवर्षं चावून खात बसला होता.

साधन आलं. पहिल्या दिवसांत जबडा ठणकायचा, उशी लाळेने भिजायची, उठल्यावर वरचे-खालचे दात जुळायचे नाहीत आणि तो बायकोवर खेकसायचा. बाईंनी साचे जोडणारा स्क्रू एकदम फिरवला नाही, हळूहळू जबडा पुढे घेत गेल्या. बायको आता शेजारी झोपत होती, पंख्याशिवाय. शेवटी साधन तोंडात असताना परत तारा लावून तपासणी झाली, कारण "बरं वाटतंय" या त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. घसा उघडा राहत होता. डॉक्टरांनी लिहून दिलं, मधूनमधून तपासणीच्या अटीवर.

त्या सकाळी मी चावी घ्यायला खिडकीशी उभी होते. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. आमच्याकडे पद्धत आहे, ड्रायव्हर बऱ्याच काळाने गाडीवर चढला की साहेब विचारतात, जोडी कोणाशी लावू?

"काडीबाई द्या," जातं म्हणालं.

"अहो, तुमचं विळ्याभोपळ्याचं. गेटवाल्याचा मेहुणा आहे बघा, तुमचा दोस्त. त्याला देतो."

"नको." मग नेहमीची करकर ऐकू येईल म्हणून मी वाट बघत होते, ती आली नाही. "दोस्तांनी सगळ्यांनी बघितलं होतं, साहेब. काचेवर टकटक करून हसत होते. एकजण तुमच्यापर्यंत आला नाही. ही आली. परत तसं झालं तर ही परत येईल."

चहाच्या बाकावर कोणी हललं नाही. गेटवाला बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. मला काय वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तोंड धुवायला नळावर गेले एवढंच.

तो बाहेर आला, फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोरी जोरात ओढत जा. तुझी बेल ऐकूच येत नाही."

"कान तपासून घ्या. तेवढंच राहिलंय."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते याच्याकडे बघून. धावत आलेल्या प्रवाशाला त्याने त्याही दिवशी घेतलं नाही. दुपारी शेवटच्या स्टॉपवर त्याने खिशातून डबी काढली, पाठ करून साधन तोंडात बसवलं आणि मागच्या बाकावर आडवा झाला. मी डबा उघडला. चमचा हातात धरून खांबाशी बसले. श्वास येत होता, जात होता, मग परत येत होता. मी वाट बघत राहिले. जेवण पार गार झालं तेव्हा कुठे लक्षात आलं, आणि मी त्या चमच्याने जेवायला सुरुवात केली.

परतीच्या फेरीत कालव्याजवळच्या स्टॉपवर थांबलो. माणसं चढली. मी पुढे बघितलं, कोणी काठीवाला रस्त्यात नाही ना. मग दोरी धरली आणि दोनदा ओढली, जोरात. गाडी निघाली.